अंतर नजरेने ओळखायला शिकताना: तिरंदाजांसाठी, मुंबईच्या मैदानांवरचा सराव

आपल्याकडे तिरंदाजी शिकणाऱ्या बहुतेकांवर अंतर ओळखायची वेळच येत नाही. रिकर्व्हला (टोके पुढे वळलेल्या धनुष्याला) 70 मीटर, कंपाउंडला (टोकांना चाके असलेल्या धनुष्याला) 50, इंडियन राउंडच्या बांबूच्या धनुष्याला 50 आणि 30. मैदानावर रेघ आखलेली असते, साइटवर, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनावर, त्या आकड्याची खूण असते, विषय संपला. 2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे जगज्जेते झाले, तेही 50 मीटरच्या ठरलेल्या पल्ल्यावर.

फील्ड किंवा थ्रीडी प्रकाराकडे वळलात की हे सुख संपते. झाडीत, चढउतारावर लक्ष्ये मांडलेली असतात. फील्डच्या मिश्र फेरीत 24 लक्ष्यांपैकी 12 लक्ष्यांचे अंतर लिहिलेले असते, बाकी 12 चे तुम्ही ओळखायचे. थ्रीडीत प्राण्यांच्या आकाराची लक्ष्ये असतात आणि एकाचेही अंतर सांगितलेले नसते. रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचे यंत्र, चालत नाही. अंतर न लिहिलेल्या लक्ष्यावर सोबतच्या स्पर्धकाला आकडा सांगणेही नियमात बसत नाही.

हे कौशल्य शिकायला धनुष्य लागत नाही. मुंबईकरासाठी तर ही सोयच आहे, कारण सार्वजनिक मैदानात धनुष्य काढणे धोक्याचे आहे आणि ते कुणी करू नये. एक फीत, एक वही आणि पाय, एवढ्यावर तीन चतुर्थांश काम होते.

आधी हिशेब: किती चुकले तर किती बिघडते

रिकर्व्हचा बाण सेकंदाला साधारण 55 मीटर वेगाने जातो असे धरू, कंपाउंडचा 85. लक्ष्य खरे 33 मीटरवर आहे, तुम्ही 30 समजून साइट लावली. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर रिकर्व्हचा बाण सुमारे 16 सेंटीमीटर खाली लागेल. 60 सेंटीमीटरच्या फील्ड फेसवर (वर्तुळे छापलेल्या लक्ष्याच्या कागदावर) मधल्या पिवळ्या भागाची त्रिज्या फक्त 6 सेंटीमीटर असते, म्हणजे बाण सुटला उत्तम तरी गुण 3. कंपाउंडवाला याच चुकीत जेमतेम 7 सेंटीमीटर खाली जाईल आणि 4 घेऊन पुढे सरकेल.

आता 50 मीटरचे लक्ष्य 45 समजा. रिकर्व्हचा बाण 40 सेंटीमीटर खाली, म्हणजे 80 च्या फेसच्या अगदी काठावर. कंपाउंडचा 17. उलट 20 मीटरवर एका मीटरची चूक रिकर्व्हलाही तीनच सेंटीमीटर हलवते, आणि 40 च्या फेसवर ती पिवळ्यात खपून जाते.

यातून सरावाची दिशा ठरते. चूक टक्केवारीत तेवढीच राहिली तरी बाणाची घसरण अंतराच्या वर्गाने वाढते. 15 मीटरचे लक्ष्य 14 की 16 यावर डोके खपवू नका. 30 च्या पुढचे पल्ले नीट ओळखता यायला हवेत, आणि नेमके तिथेच डोळा सर्वात आळशी असतो. ते का, हे पुढे येईल. नवशिक्याच्या हलक्या धनुष्याचा वेग 45 च्या आसपास असेल तर वरचे रिकर्व्हचे आकडे दीडपट धरा.

पाऊल मोजून घ्या

30 मीटरची फायबरची फीत हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती जमिनीवर पसरा आणि नेहमीच्या चालीने शेवटपर्यंत जा. मोठी पावले टाकायची नाहीत. मीटरचे पाऊल टाकायचा आग्रह धरलात तर थकल्यावर ते आपोआप आखडते आणि हिशेब फसतो. चार-पाच वेळा चाला आणि सरासरी काढा. 30 मीटरला 42 पावले आली तर तुमचे पाऊल 71 सेंटीमीटरचे. मग 10, 20, 30, 40 मीटरला किती पावले होतात ते पाठ करा. गवतावर आणि चढावर पाऊल लहान होते, त्यामुळे तिथे वेगळे मोजा. ज्या बुटांत स्पर्धा खेळणार तेच घाला.

मोबाइलच्या जीपीएसवर अंतर मोजायचा मोह टाळा. त्याची चूक सहज काही मीटरची असते, आणि आपण तेवढीच चूक पकडायला निघालो आहोत. लेझर रेंजफाइंडर असेल तर सरावाला उत्तमच, पण तो उत्तर तपासण्यासाठी. आधी आकडा बोला, मग बटण दाबा. आधी बटण दाबणाऱ्याची नजर कधीच तयार होत नाही.

मुंबईत तयार पडलेली मापे

या शहरात मोकळी जागा कमी, पण ठरलेल्या मापाच्या गोष्टी जागोजागी आहेत. त्यांतल्या दोन-तीन डोळ्यात पक्क्या बसवा.

सर्वात मोलाची म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी. यष्टी ते यष्टी 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर. शिवाजी पार्क, ओव्हल, क्रॉस किंवा आझाद मैदानावर सकाळी सामने सुरू होण्याआधी जा आणि एका टोकाच्या यष्टीमागे उभे राहून दुसऱ्या टोकाकडे बघत राहा. दुसऱ्या टोकाला माणूस केवढा दिसतो, मधली माती किती वाटते, हे नुसते बघायचे. मग बाजूला वळा, जिथे खेळपट्टी नाही तिथे 20 मीटरवर काय येईल ते ठरवा आणि पावलांनी तपासा. पुढची पायरी म्हणजे यष्टीमागे दहा मीटर सरकून पलीकडची यष्टी बघणे. ते 30. वीस मीटर सरकलात की 40. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून बावीस यार्डांकडे इतके पाहिले आहे की हे माप आत कुठेतरी असतेच. त्याला फक्त मीटरचे नाव द्यायचे.

जवळच्या पल्ल्यासाठी कबड्डीचे मैदान आहे. पुरुषांच्या मैदानाची लांबी 13 मीटर. सोसायटीच्या आवारात रंगवलेले बॅडमिंटनचे कोर्टही 13.40 मीटरचे, पण आखणारा रंगारी जागेनुसार ते आखडतो, म्हणून एकदा फीत लावून बघा.

लोकलचा एक डबा साधारण 21 मीटरचा असतो. फलाटावर उभे असताना दोन डब्यांमधली फट शोधा आणि ती आपल्यापासून किती लांब आहे ते मनात बोला. फक्त पिवळ्या रेषेच्या आत उभे राहून, आणि गर्दीच्या वेळी नाही. या सरावाला एक मर्यादा आहे. लांब सरळ रुळांच्या कडेने पाहताना अंतर खऱ्यापेक्षा कमी वाटते, तेव्हा फलाटावरचा अंदाज जंगलात जसाच्या तसा वापरायचा नाही.

लक्ष्याकडे नाही, जमिनीकडे बघा

हा या लेखाचा गाभा. नवखा माणूस लक्ष्याकडे टक लावून "पस्तीस वाटतंय" म्हणतो. हा अंदाज मूडवर, उजेडावर आणि गेल्या बाणाच्या गुणावर हलतो. अंतर असते जमिनीवर, पेगपासून (जिथे उभे राहून बाण मारायचा त्या खुंटीपासून) लक्ष्याच्या पायापर्यंत. तीच वाचायची.

पायापासून सुरुवात करा. नजरेने पहिले 10 मीटर टाका आणि तिथे एखादी खूण धरा: दगड, पान, गवताचा तुरा. तिथून पुढचे 10, पुन्हा खूण. असे टप्पे टाकत लक्ष्याच्या पायाशी पोचा आणि शेवटचा अर्धवट तुकडा त्यात मिळवा. सुरुवातीला प्रत्येक खुणेपाशी चालत जाऊन तपासा. कंटाळवाणे आहे. त्याला पर्याय नाही.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एकाच जागी फसतो. डोळा जमिनीपासून 1.6 मीटर उंचीवर असेल तर 10 ते 20 मीटरमधली जमीन नजरेत साडेचार अंशांची जागा घेते. 20 ते 30 मधली दीड अंशाची. 30 ते 40 मधली पाऊण अंशाची, आणि 40 ते 50 मधली अर्ध्या अंशाहूनही कमी. जमीन तेवढीच दहा मीटर, दिसायला एक दशांश. म्हणून चौथा-पाचवा टप्पा टाकताना नजर पहिल्या टप्प्याएवढी पट्टी शोधते, ती मिळत नाही, आणि 48 मीटरचे लक्ष्य 40 चे होते. लांबचा टप्पा जमिनीवर अगदी चिंचोळा दिसला पाहिजे, हे डोळ्याला शिकवावे लागते. सपाट मैदानावर 10, 20, 30, 40, 50 मीटरवर पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि पेगच्या जागी उभे राहून त्यांच्यामधल्या फटी बघा. बाटल्या उचला, तोंड फिरवा, पुन्हा त्याच जागा मनाने लावा. हा एक सराव बाकी सगळ्यांपेक्षा जास्त देतो असे माझे मत आहे.

टप्पे टाकून आलेला आकडा दुसऱ्या वाटेने तपासायचा. त्याची सोपी रीत म्हणजे निम्मे करणे: पेग आणि लक्ष्य यांच्या बरोबर मधली जागा शोधा, तिथपर्यंतचे अंतर ओळखा, दुप्पट करा. 15 ते 25 च्या पट्ट्यात नजर पक्की असेल तर 30 ते 50 चे पल्ले यातून चांगले येतात. मधली जागा निवडताना मात्र वर सांगितलेला कोनाचा खेळ लक्षात ठेवा. खरे मध्य दिसायला लक्ष्याच्या बरेच जवळ असते. दिसण्यातले मध्य धरलेत तर आकडा कमी येईल. निम्म्याची चूकही दुप्पट होते, तेव्हा फक्त या रीतीवर विसंबू नका.

जमीन दिसतच नसेल, मध्ये झुडूप किंवा ओढा असेल, तर कडेच्या जमिनीवरून टप्पे टाका. लक्ष्याच्या रांगेत पण वाटेच्या बाजूला असलेले झाड धरा आणि तिथपर्यंत मोजा. तेही शक्य नसेल तर दोन टोके ठरवा: "यापेक्षा कमी नक्की नाही, यापेक्षा जास्त नक्की नाही", आणि मधला आकडा घ्या. टोके प्रामाणिक असली तर मधला आकडा बऱ्यापैकी चालतो.

फेसच्या आकाराचा उपयोग आणि सापळा

फील्डमध्ये चार आकाराचे फेस असतात: 20, 40, 60 आणि 80 सेंटीमीटर. अंतर न लिहिलेल्या 12 लक्ष्यांत प्रत्येक आकाराची तीन-तीन. लाल पेगवरून, म्हणजे रिकर्व्ह आणि कंपाउंडसाठी, 20 चा फेस 10 ते 15 मीटरमध्ये, 40 चा 15 ते 25, 60 चा 20 ते 35 आणि 80 चा 35 ते 55 मध्ये असतो. बेअरबोचा, म्हणजे साइट नसलेल्या धनुष्याचा, निळा पेग याहून जवळ असतो. आकार ओळखला की निम्मे उत्तर हातात येते; उरलेले जमीन सांगते.

20 चे फेस बारा एकत्र आणि 40 चे चार एकत्र लावलेले असतात, त्यामुळे ते लगेच ओळखू येतात. घोटाळा 60 आणि 80 मध्ये होतो. 30 मीटरवरचा 60 आणि 40 मीटरवरचा 80 डोळ्याला हुबेहूब सारखे दिसतात. मार्ग आखणाऱ्यांना हे पक्के माहीत असते. बटच्या, म्हणजे फेस ज्यावर लावतात त्या जाड पाटाच्या, मानाने फेस किती जागा व्यापतो ते बघा, आधीच्या गटाचे बाण अजून रुतलेले असतील तर फेसच्या मानाने ते केवढे दिसतात ते बघा, आणि आतापर्यंत कोणत्या आकाराची किती लक्ष्ये झाली याची मनात मोजदाद ठेवा. 60 ची तिन्ही होऊन गेली असतील तर प्रश्नच मिटला.

हात लांब करून अंगठ्याने लक्ष्य झाकायची जुनी युक्ती बरेच जण सांगतात. दोन सेंटीमीटर रुंद अंगठा साठ सेंटीमीटरवर धरला तर 80 चा फेस 24 मीटरवर पुरता झाकला जातो, हे गणित बरोबर आहे. पण अंगठ्याच्या कडेवर दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की दहा टक्के चूक, आणि आपण दहा टक्क्यांच्या आतच यायला धडपडतो आहोत. मला तिच्यावर भरवसा नाही. अंतर ओळखण्यासाठी म्हणून जोडलेले किंवा बदललेले साहित्य जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांत चालत नाही, तेव्हा साइटच्या रिंगवर खुणा करण्याच्या भानगडीतही पडू नका.

थ्रीडीत आकाराचा आधार आणखी कमकुवत. लहान जनावर लांब वाटते, मोठे जवळ. तिथे जनावराकडे बघायच्या आधी जमीन मोजून टाकायची सवयच लावून घ्यावी. पल्ले मात्र आटोपशीर असतात: कंपाउंडला 45 मीटरपर्यंत, बाकीच्यांना 30 पर्यंत.

डोळा कुठे फसतो

मैदानावर तयार झालेली नजर झाडीत गडबडते, आणि ती गडबड ठरलेल्या दिशेने होते. पाठीशी ऊन, स्वच्छ हवा, एकसारखी मोकळी जमीन किंवा पाणी, मध्ये न दिसणारा खोलगट भाग, उंचावरून खाली पाहणे: या सगळ्यांत लक्ष्य जवळ भासते. सावलीतले लक्ष्य, डोळ्यावर ऊन, धुरकट हवा, दोन्ही बाजूंनी झाडांनी आवळलेली वाट, खालून वर पाहणे: यांत ते लांब भासते.

मुंबईत दोन्ही प्रकार अनुभवता येतात. मरीन ड्राइव्हच्या पदपथावर सकाळी सरळ समोरच्या दिव्याच्या खांबापर्यंतचा अंदाज बांधा आणि चालून मोजा. मग राणीच्या बागेत किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दाट सावलीच्या वाटेवर तेच करा, अर्थात रिकाम्या हाताने, साहित्य न नेता. दोन्हीकडचा तुमचा फरक कोणत्या बाजूला झुकतो ते कळेल. पावसाळ्यात, ढगाळ उजेडात, तेच खांब आणि तीच झाडे पुन्हा करा. जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात गेली तरी हा सराव थांबायचे कारण नाही.

चढउताराचे थोडक्यात. उतारावर बाणाला आडवे अंतर लागू होते, तिरके नव्हे. 40 मीटरच्या तिरक्या पल्ल्याला 10 अंशांचा उतार असेल तर 39.4, 20 अंशांना 37.6 आणि 30 अंशांना 34.6 मीटर धरायचे. वर मारा की खाली, दुरुस्ती वजाच. पंधरा अंशांपर्यंत फार विचार करू नका. कान्हेरीच्या पायऱ्यांवर बसून वरखाली कोन ओळखायचा सराव करता येतो.

वही

चार रकाने पुरेत: अंदाज, खरे अंतर, फरक, परिस्थिती. परिस्थिती म्हणजे "सावली, गवत, किंचित उतार" एवढेच. पानभर नोंदी झाल्या की दोन गोष्टी वेगळ्या करा. फरक सतत एकाच बाजूला असेल, समजा 40 च्या आसपास तुम्ही नेहमी तीन-चार मीटर कमी सांगता, तर घाबरायचे कारण नाही. त्या पट्ट्यात तेवढे मिळवायचे ठरवा आणि सोडा. फरक कधी अधिक कधी उणा, असा विखुरलेला असेल तर मात्र पद्धतच पक्की नाही. अशा वेळी बाटल्यांच्या सरावाकडे परत जायचे.

सरावाची जागा बदलत राहा. त्याच कट्ट्यावरून त्याच झाडापर्यंतचे अंतर दहाव्यांदा अचूक सांगणे ही स्मरणशक्ती झाली. दोघांनी मिळून करत असाल तर आकडे मोठ्याने बोलायच्या आधी लिहा, नाहीतर दुसरा नकळत पहिल्याच्या जवळचा आकडा सांगतो. 20 ते 35 च्या पट्ट्यात दोन मीटरच्या आत आणि 50 पर्यंत तीन मीटरच्या आत सातत्याने येऊ लागलात की रेंजवर बाणासकट करून बघा. ओळखीच्या प्रशिक्षकाला लक्ष्य आडनिड्या अंतरावर, 37 किंवा 43 वर, लावायला सांगा.

पेगवर उभे राहिल्यावर

फील्डमध्ये तीन बाणांसाठी तीन मिनिटे मिळतात, थ्रीडीत दोन बाणांसाठी दोन. आपली पाळी येण्याआधी मागे थांबलेले असतानाच जमीन बघायला लागा. क्रम असा ठेवा: फेसचा आकार, त्याचा पट्टा, दहा-दहाचे टप्पे, निम्मे करून तपासणी, उजेड आणि उतार यांची दुरुस्ती, मग एकच आकडा. साइट लावली की तो आकडा बदलायचा नाही. दोरी ओढताना मनात "बहुतेक अडतीस असेल" आले तर बाण सोडू नका, खाली घ्या. शंका घेऊन सोडलेला बाण चुकतो आणि तो अंदाजामुळे चुकला की सुटण्यामुळे, हेही कळत नाही.

पहिला बाण लागल्यावर दुर्बिणीतून बघा. त्याआधी स्वतःला विचारा, सुटला नीट होता का? नसेल तर साइटला हात लावू नका. नीट सुटूनही खाली लागला असेल तर हिशेब सोपा आहे. सेकंदाला 55 मीटर वेगाच्या रिकर्व्हला एका मीटरच्या चुकीमागे 20 मीटरवर सुमारे 3 सेंटीमीटर, 30 वर 5, 40 वर साडेसहा आणि 50 वर 8 सेंटीमीटर फरक पडतो. 40 च्या आसपास बाण 13 सेंटीमीटर खाली लागला म्हणजे अंदाज दोन मीटर कमी होता; साइट दोन मीटर पुढे. कंपाउंडला 30 वर 2, 40 वर पावणेतीन आणि 50 वर साडेतीन सेंटीमीटर धरा. हे आकडे आपल्या धनुष्याच्या वेगाने बदलतात, म्हणून रेंजवर एकदा मुद्दाम चुकीची साइट लावून स्वतःचे काढा आणि साइटच्या खुणांच्या कागदावर शेजारी लिहून ठेवा. स्वतःच्या साइटच्या खुणांचा कागद स्पर्धेत जवळ ठेवता येतो.